कोणाची माय

पिंपळगाव राजात मुबीनाला लोक दोन गोष्टींवरून ओळखायचे. एक, ती गुलाम रसूल पिंजाऱ्याची थोरली. आणि दोन, ती खामगावच्या ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर बोंडअळ्या मोजते. तिसरी गोष्टही गावाला ठाऊक होती, पण ती तिच्या तोंडावर कोणी काढत नसे आणि पाठीमागे कोणी सोडत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल झालं नाही. मग तिनं आणि नवऱ्यानं, नौशादनं, जानेफळच्या घरी बसून, न भांडता, खुला, म्हणजे बायकोनं मागून घ्यायची फारकत, घ्यायचं ठरवलं आणि ती आपली पेटी घेऊन माहेरी आली. नौशाद वाईट माणूस नव्हता. वाईट कोणीच नव्हतं, हीच तर पंचाईत. कोणी वाईट असतं तर रागावून मोकळं तरी होता आलं असतं.

लग्नाआधी तिनं खामगावात कॉम्प्युटरची डिग्री घेतली होती. ती पेटीच्या तळाशी पडली होती, ती आता कामी आली. साल दोन हजार पंधरा. कापसाचे दिवस वाईट होते. बीटी आलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं की अळीची चिंता गेली, आता फक्त वेचा. दहा-बारा वर्षांत लोक बोंड फोडून पाहणंच विसरले. आणि मग ती गुलाबी बया गुपचूप परत आली. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, आणि फोडलं की आत सरकीचा भुगा. वेचणीला गेलेली बाई कमरेला बांधलेल्या रिकाम्या ओट्यानं घरी यायची आणि चुलीपुढे मुकी बसायची. तेव्हा खामगावच्या एका संस्थेनं ठरवलं की गावोगावच्या बायकांनी दर आठवड्याला वीस बोंडं फोडायची, सापळ्यातले पतंग मोजायचे आणि आकडा कळवायचा. आकडे कॉम्प्युटरात जायचे, आणि सोमवारी सकाळी अकराला कॉम्प्युटरच प्रत्येकीला फोन करून सांगायचा की या आठवड्यात फवारा किंवा हात आवरा. त्या फोनमधला आवाज मुबीनाचा.

हा सगळा कारभार ज्या वेबसाइटवर चालायचा ती पुण्याच्या हर्षल नावाच्या पोरानं बनवली होती. पोरगा हुशार आणि मनानं चांगला, त्याबद्दल वाद नाही. पण त्यानं फॉर्ममध्ये बाईच्या नावाखाली एक रकाना ठेवला होता, ‘पतीचे नाव’, आणि त्याच्यापुढे लाल तारा. म्हणजे ते भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आता बाप्पा, हा तारा टाकताना त्यानं आपल्या आजीला एकदा विचारायचं तरी होतं.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. शाळेच्या ओसरीवर मुबीना लॅपटॉप घेऊन बसली की बायका बोंडांचा हिशोब घडाघडा सांगायच्या, आणि त्या रकान्यापाशी आलं की पदर तोंडाला. कोणी शेजारणीला कोपर मारायची, कोणी म्हणायची, ‘थे नाई का, देवळामागचे.’ एकीनं सांगितलं, गणपतीच्या बापाचं नाव. मुबीनानं शंकर लिहिलं. त्या माणसाचं नाव निघालं महादेव. मुबीनाला हसताही येईना, कारण तिच्या घरीही तेच. अमीरबीनं, म्हणजे तिच्या आईनं, चाळीस वर्षांत गुलाम रसूलला ‘मुबीना के अब्बा’ यापलीकडे हाक मारली नव्हती. पण त्यापायी नोंदींचा पार काला झाला. गावात आशाबाई तीन, तिघींचं आडनाव एक. एका आशाबाईच्या शेताचा निरोप दुसरीला गेला आणि तिनं गरज नसताना औषध मारून मित्रकिडे मारले. ज्या शेतात अळी होती ते तसंच राहिलं.

मुबीनानं हर्षलला फोन करून सांगितलं की तो तारा काढा. तो म्हणाला, नाही काढता येणार. हेच अ‍ॅप्लिकेशन आणखी अकरा संस्था वापरतात, एकीसाठी मूळ कोड बदलला तर बाकीच्यांचं बिघडेल. पण, तो म्हणाला, मी त्यात जागोजागी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. नोंद उघडताना एक, जतन करताना एक, फोन लावायच्या आधी एक. तुम्हाला हवं ते वेगळं लिहा, त्याचं प्लगइन करा, आणि त्या खुंटीला अडकवा. आवडलं नाही तर बटण दाबून बंद करा. मूळ भिंतीला ओरखडा पडता कामा नये, एवढीच अट.

मुबीनानं हे रात्री जेवताना बापाला समजावलं. म्हणाली, अब्बा, गादी उसवायची नाही, वरून खोळ चढवायची. गुलाम रसूल म्हणाला, मग एवढं काय, खोळ तर कोणीबी शिवते.

ते ‘कोणीबी’ तिला दोन महिने भोवलं. हर्षलनं पाठवलेली कागदपत्रं वाचत, चुकत, पुन्हा लिहीत ती बसायची. एक अर्धविराम राहिला की अख्खी साइट पांढरी पडायची. मग प्लगइन बंद करायचं बटण शोधायचं, साइट परत उभी राहायची, आणि ती खुदाचे आभार मानून पुन्हा लिहायला घ्यायची. आपल्यात हे आहे, हे तिला त्या दोन महिन्यांत कळलं. जानेफळला सहा वर्षं ज्या बाईकडे फक्त काय नाही तेच मोजलं गेलं, तिला पहिल्यांदाच काहीतरी असल्यासारखं वाटत होतं.

प्लगइनचं नाव तिनं ठेवलं ‘कोणाची माय’. गावात बाईला हाक तशीच मारतात ना! अक्षयची माय, पूजाची माय, मोईजची अम्मी. तर पतीच्या रकान्यावर पडदा पडला आणि तिथं हा रकाना आला. कोणाला लिहावं लागू नये म्हणून तिनं बेबीताईंकडून, म्हणजे अंगणवाडीच्या ताईंकडून, आणि शाळेच्या पटावरून मुलांची यादी घेऊन आत बसवली. यादीतून नाव निवडायचं की झालं. फोनवरही तीच हाक. एकेका हाकेचं रेकॉर्डिंग तिनं स्वतः केलं. महिन्याभरात एकशे चाळीस बायकांची नोंद झाली, एकही निरोप चुकला नाही, आणि हर्षलनं ते प्लगइन बाकीच्या संस्थांनाही दिलं. चार ठिकाणी बसवलंही गेलं. मुबीना त्या आठवड्यात ऑफिसात जाताना जरा ताठ चालायची. माणसानं कधीतरी ताठ चालावं.

पण खरी गोष्ट इथून पुढं आहे.

त्या तीन आशाबाईंतली एक, नाल्याकाठच्या शेताची, उकंडरावांची बायको. वय पंचेचाळीसच्या पुढं, अंगानं काटक, बोलणं कमी. बीटी आल्यावर सगळ्या गावानं बोंड फोडून पाहणं सोडलं तेव्हाही ही बाई पाहत राहिली. लोक हसायचे, पाकिटावर लिहिलंय ना अळी येत नाही म्हणून! ही म्हणायची, अळीले वाचता येते का? गावात पहिली डोमकळी, म्हणजे अळीनं आतून शिवून टाकल्यासारखं मिटलेलं फूल, तिनंच शोधलं होतं. बाकीच्यांचे आकडे मुबीना जरा अंदाजानं घ्यायची, कोणी वीस म्हणून बारा फोडायची, पण आशाबाईचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. नाल्याकडची अळी आधी तिच्या शेतात दिसायची आणि मग आठवड्यानं बाकी गावात. ती बाई म्हणजे त्या सगळ्या कॉम्प्युटरचा डोळा होती.

ती त्या गुरुवारी ओसरीवर आली. जुन्या नोंदी नव्या रकान्यात न्यायच्या होत्या. मुबीना कनेक्शन पकडायला मोबाईल घेऊन अंगणात गेली होती, म्हणून लॅपटॉपपुढे बेबीताई बसल्या. भोवती दहा-बारा बायका. बेबीताईंनी यादी वरून खाली फिरवली, खालून वर फिरवली. आशाबाईचं कोणी त्यात नव्हतं. त्यांनी रकाना रिकामा ठेवून तसंच बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि बेबीताईंनी सवयीनं ती मोठ्यानं वाचली: ‘मूल आढळले नाही. नोंद पूर्ण होऊ शकत नाही.’

मुबीना पायरीवर होती. तिनं ऐकलं. ते आठ शब्द तिनंच लिहिले होते, एका दुपारी, चहा पिता पिता.

आशाबाई थोडी हसली, पदर सारखा केला, ‘राहू द्या बाई, घाई नाई’ म्हणाली आणि मुबीनाच्या बाजूनं पायऱ्या उतरून गेली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. फोनही उचलला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही.

मुबीनाला अन्न गोड लागेना. तिला स्वतःची चीड आली, अशी की आरशात बघू नये. दुसरं कोणी लिहिलं असतं तर म्हटलं असतं, त्याला काय कळतं. पण जिला बारशाला बोलावताना लोक अडखळतात, जिच्या मांडीवर बाळ देताना बायका दुसरीकडे बघतात, तिनंच हे लिहावं? यादी भरताना तिला एकदाही सुचलं नाही की त्या यादीत तिची स्वतःची नोंदही होणार नाही. इतकी ती खूश होती.

हर्षलला तिनं फोन केला. तो बिचारा म्हणाला, छोटा बग आहे, सक्ती काढून टाका, दहा मिनिटांचं काम. ती म्हणाली, बग नाही तो, मी आहे. त्याला ते समजलं नाही. प्लगइन बंद करावं तर एकशे चाळीस बायका पुन्हा त्या लाल ताऱ्यापाशी जाणार आणि सोमवारचे फोन चुकणार. मग ती दुरुस्तीला बसली. सक्ती काढली. यादी काढून टाकली, तिच्या जागी मोकळा रकाना ठेवला, ज्यात बाई सांगेल ते लिहायचं. नुसती ‘आशा’ म्हणाली तर नुसती आशा. दहा मिनिटांच्या कामाला तिनं आठ दिवस लावले. हे तपास, ते तपास. लाल अक्षरांचा रंगसुद्धा बदलला.

नवव्या दिवशी सकाळी गुलाम रसूल कापूस पिंजत होता, आणि ही अजून लॅपटॉपपुढे. त्यानं मशीन थांबवलं, दाढीतले तंतू झटकले आणि विचारलं, काय करून राहिली एवढं? तिनं सगळं सांगितलं. म्हातारा मग म्हणाला, ‘बेटा, जखम तिकडे नाल्यावर आहे. तू पट्टी इथंच काऊन बांधून राहिली?’

ती उठली आणि चालत नाल्यावर गेली.

आशाबाई वेचत होती. तिनं मुबीनाला बांधावरून येताना पाहिलं, पण हात थांबवला नाही. मुबीना गुपचूप शेजारच्या ओळीला लागली आणि वेचू लागली. पिंजाऱ्याची पोर, कापूस हाताळायला तिला शिकवावं लागत नव्हतं. अर्धी ओळ वेचून झाली. शेवटी आशाबाईनं विचारलं, की मशीन सुधारून आली का?

‘सुधारली, मावशी. पण मी त्याच्यासाठी नाई आली. मी माफी मागाले आली.’ मग जे कोणालाच कधी म्हटलं नव्हतं ते तिनं कपाशीच्या झाडाकडे बघत म्हटलं. ‘मलेबी नाई, मावशी. मलेबी कोणी नाई. आन् मीच तुले असं लिहिलं.’

आशाबाईनं आता हात थांबवला. ओट्यातला कापूस खाली गाठोड्यात टाकला आणि मुबीनाला धुऱ्याच्या बांधावर बसवलं. पाणी दिलं. मुबीना रडली, आणि आशाबाईनं तिला रडू दिलं; उगी उगी केलं नाही. मग बाई आपण होऊन बोलू लागली.

तिला मूल झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी, राखीपुनवेला, मुलगी. घरच्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, मागच्यापुढच्या भावंडांतलं एकही जगलं नव्हतं. सासूनं त्यांना उकिरड्यावर लोळवलं, तसंच उकिरड्याचं हलकं नाव दिलं, म्हणून ते वाचले, असं ती सांगायची. तिनं सुनेला बजावलं, बाराव्या दिवसाआधी पोरीला नावानं हाक मारायची नाही, चांगल्या नावाला नजर लागते. आशाबाईनं मनात नाव ठरवलं होतं. दहा दिवस ते जिभेवर धरून ठेवलं. पोरीला मांडीवर घेऊन ‘ए’ म्हणायची, ‘बाई’ म्हणायची. अकराव्या दिवशी पोरगी गेली.

‘सासूचं ऐकलं मी,’ ती म्हणाली. ‘एकडाव हाक मारली असती तं काय बिघडत होतं? तिले ऐकू तं आलं असतं.’

ते नाव तिनं त्यानंतर कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कोणाला आणि कशाला? पोरच नाही तर नाव कोणाचं? मुबीनानं विचारलं नाही. विचारायचं धाडसच नव्हतं. दोघी बसून राहिल्या. नाल्यापलीकडे कोणीतरी बैल हाकत होतं. मग आशाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं की त्या रकान्यात आता काहीही लिहिलं तर चालते का, का मशीन पुन्हा नाही म्हणेन. मुबीना म्हणाली, तू सांगशील ते चालते.

‘मंग लिहून घे. राखीची माय.’

ऑफिसात रेकॉर्डिंग करताना मुबीनाला ती हाक आठ वेळा घ्यावी लागली. आवाज फाटायचा. आठव्यांदा नीट आली.

सोमवारी अकराला फोन गेले. मंगळवारी सकाळी पहिल्या एसटीनं उकंडराव खामगावला आले. डोक्यावर टोपी, हातात रिकामी पिशवी, दारात चपला काढून उभे. मुबीनाला वाटलं, आता हा माणूस विचारणार, आमच्या घरातली झाकली गोष्ट तू फोनवर का वाजवली? आणि त्याला काय उत्तर द्यायचं? तिनं खुर्ची पुढं केली. ते बसले, खुर्चीच्या अगदी कडेवर.

मग म्हणाले, की घरात फोन एकच आहे आणि काल तो त्यांच्या खिशात होता. वाजला तसा उचलला. कोणी बाई म्हणाली, राखीची माय. त्यांना वाटलं, राँग नंबर. पण पुढं नाल्याकाठचं शेत म्हणाली, वीस बोंडात तीन अळ्या म्हणाली. मग ते तसेच फोन घेऊन शेतात गेले आणि बायकोला विचारलं, ही राखी कोण?

‘तिनं सांगतलं मले,’ उकंडराव म्हणाले. ‘बावीस वर्सं झाली, बाई. माह्या पोरीचं नाव मले काल समजलं.’

उकंडरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली, आणि ज्यासाठी आले होते ते विचारलं. तो फोन फक्त बायांनाच येते का? मलेबी लावता येईन का? तसाच, तिच्या नावानं?

प्लगइनमध्ये तशी सोय नव्हती. मुबीनानं मायचाच विचार केला होता. बापाचा रकाना कोणी मागेल हे ना तिला सुचलं होतं, ना पुण्याच्या हर्षलला. तिनं त्यांना चहा सांगितला आणि त्यांच्यासमोरच लिहायला बसली. ते कशालाही हात न लावता बसून होते. तासाभरानं ती सोय तयार झाली. तिनं हाक रेकॉर्ड केली, नंबर विचारला आणि म्हणाली, काका, एकदा लावून बघते, नीट येतो का.

उकंडरावांच्या खिशात फोन वाजला. मुबीना दोन हातांच्या अंतरावर बसली होती, तरी त्यांनी तो काढून कानाला लावला, दुसऱ्या कानावर हात धरला, आणि मान खाली घालून ऐकलं.

‘राखीचे बाबा,’ फोनमधली मुबीना म्हणाली.

‘हाव,’ उकंडराव म्हणाले. ‘मीच बोलतो.’